सोराईदाचा हात

निरोपाची रम चांगलीच असावी असा काही नियम नाही, आणि दाईरोनकडे ती कधीच चांगली नसायची. सरकारी दुकानातून प्लास्टिकच्या बाटलीत भरून आणलेली, घशाला ओरखडे काढत उतरणारी. तरी झाकण उघडल्याबरोबर पहिला घोट त्यानं रीतीप्रमाणे ओसरीच्या कोपऱ्यात ओतला, गेलेल्यांसाठी, आणि ओस्निएल नेहमीसारखा हसला.

"तुझ्या गेलेल्यांनाही चव नाही, लेका. असली पितात?"

"फुकटची आहे. जिवंत माणसं तरी कुठे नाही म्हणतात?"

जानेवारीतली उतरती दुपार होती. समोर तंबाखूची शेतं कमरेएवढी आलेली, पलीकडे पानं वाळवायची ताडाच्या झावळ्यांची उंच खोप, जिथं दाईरोन दिवसभर दांड्यांवर पानं टांगायचा. ओसरीत दोन झुलत्या खुर्च्या, एकीचा हात तारेनं बांधलेला. मध्ये स्टुलावर तळलेल्या केळ्याच्या कापांची ताटली. ओस्निएलच्या पायाशी कापडी पिशवी होती, आणि त्या पिशवीत त्याचं जे काही होतं ते सगळं मावलं होतं. सूर्य बुडायच्या आत लोलो ट्रक घेऊन येणार होता, उत्तरेच्या किनाऱ्यावर पोचवणार होता, आणि तिथून अमेरिकेकडे जाणारी चोरटी होडी. लोलो सोडला तर हे गावात एकट्या दाईरोनला माहीत होतं.

ओस्निएलची आई, सोराईदा, गेली ती अशीच, त्याच किनाऱ्यावरून. तो तेव्हा अकरा वर्षांचा होता आणि झोपलेला होता. तिनं त्याला उठवलं नाही. त्यानंतर दर वर्षअखेरीला त्याचा बाप, एलादिओ, भाजलेल्या डुकराचं ताट पुढ्यात घेऊन सांगायचा की कुणाकडून तरी निरोप आलाय, सोराईदा तिकडे अमेरिकेत, टँपात आहे, तिथंही सिगारच्याच कारखान्यात आहे, मजेत आहे. कुणाकडून आला, कसा आला, हे विचारलं की बाप ताटात बघायचा. शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारावं तर तेही 'हो, हो' करत डॉमिनोच्या सोंगट्या पुढं सरकवायचे. या म्हाताऱ्यांनी जन्मभर एकच धंदा केला होता, मान डोलवायचा. वरून हुकूम आला की मान डोलवायची, समोरचा खोटं बोलला की मान डोलवायची, आणि पोरानं तोंड उघडलं की मात्र सगळे एकाएकी ताठ मानेचे. ओस्निएल हवानातलं इंजिनिअरिंग अर्ध्यावर टाकून परत आला तेव्हा हेच लोक त्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले होते, "आईवर गेलाय. टाकून जाणं रक्तातच आहे."

तो तिला शोधायला चालला होता. भेटली की मिठी मारायची की शिव्या द्यायच्या, हे अजून ठरत नव्हतं. पण का उठवलं नाहीस, एवढं विचारायचं मात्र पक्कं होतं.

"घे," दाईरोननं सदऱ्याच्या खिशातून दोन सिगारी काढल्या. "साहेबलोकांसारखी ओढ. तिकडे गेल्यावर प्लास्टिकच्या चवीच्या मिळतील."

सिगार हातात घेतल्याबरोबर ओस्निएलला ती ओली लागली. बोटांनी दाबली तर दबत होती, पान अजून ताजं, कारखान्यातले कामगार वळायच्या लाकडी पाटीवरून उचलून तिथंच पेटवतात तशी. फार तर कालची. त्यानं सवयीनं ती फिरवून टोपीकडून, तोंडात धरायच्या बंद टोकाकडून, पाहिली, आणि पेटवायला उचललेली काडी तशीच धरून राहिला.

वळणाऱ्याचा हात सिगारीवर उमटतो. अक्षरासारखाच तो असतो, आणि ज्याचं बालपण सिगार वळणाऱ्या बाईच्या मांडीशी गेलं त्याला तो ओळखायला शिकावं लागत नाही. सोराईदा टोपी चिकटवून झाली की तिच्या खाली अंगठ्याचं नख किंचित दाबायची, चंद्रकोरीएवढं. तपासनीस त्यावरून तिला रोज बोलायचा, आणि ती रोज हसायची, आणि रोज दाबायची. घरी आणलेल्या सिगारीवरच्या त्या खाचेत लहानपणी ओस्निएल आपलं नख बसवून बघत असे.

ती खाच इथं होती.

"कुठून आणलीस?"

"आणायची कशाला? मीच वळली."

"तू? साल्या, कारखान्यातल्या परीक्षेत तू वळलेलं बघून तो तपासनीस म्हणाला होता, हे सिगार आहे की मोडलेलं बोट."

"तेव्हा म्हणाला होता," दाईरोन गुरगुरला, पण त्याला हसू येत होतं.

"माझ्या बापानं दिली? खरं सांग. बापाकडे तिकडून काही येतं का?"

"तुझ्या बापानं आजवर मला नमस्कारसुद्धा दिलेला नाही."

"मग वळून दाखव."

दाईरोन तक्रार करतच आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात लाकडी पाटी होती, पसरट बिनमुठीची सुरी होती आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. त्यानं पाटी मांडीवर घेतली. ओस्निएल त्याच्या हातांकडे बघत होता. ते हात तो शाळेच्या बाकापासून ओळखत होता, फावड्यासारखे रुंद, आणि नखं इतकी खाल्लेली की बोटांची टोकं नुसती गुलाबी, उघडी. त्या हातांनी आधी पान जवळजवळ फाडलंच. मग दाईरोन मागे रेलला, तोंडातली सिगार कोपऱ्यात सरकवून रविवारच्या बेसबॉल सामन्याबद्दल बोलू लागला, आणि हात एकटेच कामाला लागले.

आतली पानं त्यांनी एकावर एक न दडपता, वारा जाईल अशी घडी घालून मुठीत धरली. बांधायच्या पानात गुंडाळली. वरचं पान पाटीवर पसरून तळव्यानं निवांत सपाट केलं, सुरीनं कडा एका ओढीत कापली. दाईरोन म्हणत होता की त्या गाढवानं सातव्या डावात हातातला चेंडू सोडला, त्याच्यापेक्षा आपली म्हैस बरी झेलेल. त्याची नजर रस्त्याकडे होती. हातांनी पान चढवलं, टोपी कापली, डिंकाचा ठिपका लावला, टोपी बसवली, आणि नख नसलेला अंगठा तिच्याखाली अलगद टेकला.

मग हात थांबले. सुरी उचलली गेली आणि तिच्या पाठीनं पाटीवर टकटक झाली, दोनदा, आणि जरा वेळानं पुन्हा एकदा.

"ते का केलंस?"

"काय?"

"सुरी आपटलीस."

"कधी? माशी असेल."

कारखान्यात एक माणूस उंच खुर्चीत बसून दिवसभर कादंबऱ्या वाचून दाखवतो, आणि एखादा प्रसंग आवडला की वळणारे सुरीनं पाटी वाजवतात. दाईरोन तिथं उभ्या आयुष्यात त्या परीक्षेपुरता गेलेला. ओस्निएलनं नकळत कान दिला. शेतावरून वारा येत होता, कुठंतरी कोंबडी ओरडत होती, दुसरं काही नव्हतं. पण दाईरोनचे हात मांडीवरच्या पाटीवर असे पडून होते, जणू ते काही तरी ऐकत होते.

ओस्निएलनं वळलेली सिगार उचलून फिरवली. चंद्रकोर होती.

"दाईरोन, हे तुला कधीपासून येतं?"

दाईरोननं ग्लास रिकामा केला. हसू संपलं होतं.

"थंडी पडायला लागली तेव्हापासून. खोपीत फाटकी पानं उचलत होतो. पान हातात आलं की हे हात आपलं आपण करतात. मी मध्ये पडत नाही. मध्ये पडलो की फाटतं."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"काय सांगू? तू म्हणाला असतास, म्हाताऱ्यांसारखा भुताखेतांच्या गोष्टी सांगतोस. मला काय माहीत कुणाचे आहेत ते? मी तुझ्या आईला वळताना कधी पाहिलं होतं?"

"मी कुठे म्हटलं की आईचे आहेत?"

 आपण तिचं नाव का काढलं, हे दाईरोनलाही कळलेलं दिसत नव्हतं. त्याचे हात फडक्याखाली चाचपून पुढचं पान शोधत होते.

ओस्निएलनं पहिली सिगार पेटवली, कारण काहीतरी करणं भाग होतं. धूर तोंडात भरला, कच्चा, गोडसर, तिच्या झग्याला वास यायचा तसा, आणि त्या धुराआडून त्याला दर वर्षअखेरीचं बापाचं खाली घातलेलं डोकं दिसलं, सोंगट्या सरकवणारे म्हातारे दिसले, सगळ्यांच्या डोलणाऱ्या माना दिसल्या. इतर वेळी खोटं बोलताना तर ते सगळे त्याच्या डोळ्यात डोळे घालून बोलायचे. फक्त याच एका गोष्टीला त्यांच्या नजरा खाली जात. ती इथं, या हातांत असेल, तर मग तिथं टँपात कोणीच नव्हतं. तिची होडी तिथं कधीच पोचली नव्हती.

रस्त्यावर लोलोचा हॉर्न वाजला.

दाईरोन सुटल्यासारखा उठला. पाटी खाली पडली, पानं विखुरली. "चल, चल, तो थांबायचा नाही. पोचलास की कसंही करून कळव. आणि तिकडे एखादी जाडी बायको मिळाली तर माझ्यासाठी तिची बहीण बघून ठेव." त्यानं ओस्निएलला मिठी मारली, पाठीवर थापा मारल्या, आणि मिठी सोडताना त्याचे दोन्ही हात ओस्निएलच्या मनगटाशी आले आणि तिथंच राहिले.

"सोड आता."

"सोडतोय की."

हात सुटले नाहीत. पकड दुखवणारी नव्हती. रस्ता ओलांडताना लहान पोराला धरतात तेवढीच, पण तेवढी पक्की. दाईरोननं हसत हात ओढून पाहिले, मग खांद्याला हिसका देऊन पाहिले, मग पाय रोवून सगळं अंग मागे टाकलं. त्याच्याबरोबर ओस्निएलही एक पाऊल ओढला गेला.

हॉर्न दुसऱ्यांदा वाजला, लांबलचक, चिडलेला. लोलोनं खिडकीतून आई-बहिणीवरून काहीतरी ओरडून विचारलं.

"ओस्नी," दाईरोनचा आवाज बारीक झाला होता. तो आपल्याच हातांकडे अशा नजरेनं बघत होता, ज्या नजरेनं आपल्या घरात बसलेल्या अनोळखी माणसाकडे आपण बघतो. "मी नाही धरलेलं, रे. तू सांग ना त्यांना. तुझं ऐकतील. एकदा 'सोड' म्हण."

ट्रकचं इंजिन गुरगुरलं, गिअर पडल्याचा आवाज झाला. ओस्निएलनं आयुष्यात एकाही मोठ्या माणसाचं ऐकलं नव्हतं, आणि जोरात 'सोड' म्हणायला त्याला कधी शिकवावं लागलं नव्हतं. त्यानं तोंड उघडलं.

ट्रक वळणाआड गेला, धूळ उठली, हळूहळू तंबाखूच्या पानांवर बसली, आणि तो अजून तोंड उघडं ठेवून, 'सोड' न म्हणता, तसाच उभा होता.