खाटकाच्या घरातली सुई

माझा नवरा खाटीक. रोज बकरी कापतो, हात कधी थरथरत नाही. पण पहिल्या सुईनंतर बाळाला ताप भरला, मांडी सुजली, तेव्हा हाच गडी कान झाकून भिंतीकडे तोंड करून बसला. तेव्हापासून एकच धोशा, पोराला पुन्हा टोचायचं नाही. नर्सबाईंनी समजावलं, की ही लस एकाच सुईत घटसर्पासकट पाच जीवघेणे आजार अडवते, पण अर्ध्यावर सोडली तर पोर उघडं पडेल. पालथ्या घड्यावर पाणी.

आज तो बाजारात गेल्यावर मी नर्सबाईंना घरी बोलावलं. सुई भरून झाली आणि तो दारात उभा. लसीचा डबा त्याने गल्लीत भिरकावला. मी आडवी गेले तर अशी थोबाडीत दिली की ओठ फुटला. नर्सबाईंना भिंतीवर ढकलून त्याने खुंटीवरचा सुरा काढला.

“चालत्या व्हा. नाहीतर बोटं तोडीन.”

सासूबाई मागून आल्या. उभा जन्म त्यांनीही दुकानात बकरी धरली आहेत. पायात पाय घालून त्याला आडवा केला, छातीवर गुडघा रोवला आणि नरड्यावर अंगठा दाबला. सुरा निसटला, तो मी लाथेने पलंगाखाली ढकलला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

“घे श्वास,” त्या म्हणाल्या. “घे ना.”

त्याच्या टाचा फरशीवर आपटत होत्या. डोळे पांढरे व्हायला लागले तशी मी घाबरले. आई, सोडा, म्हणाले. त्यांनी सोडलं नाही.

“तुझी बहीण अशीच बघत होती माझ्याकडे. घटसर्पाने घशात पडदा धरला होता. मी बोट घालून ओरबाडला. रक्त आलं, श्वास नाही आला.”

त्याला एक बहीण होती आणि ती लहानपणीच गेली, एवढंच आम्हाला माहीत होतं.

मी बाळाची मांडी उघडी करून घट्ट धरली. नर्सबाईंचं कपाळ फुटलं होतं, तरी हातातली भरलेली सुई नीट गेली. बाळाने टाहो फोडला. तेव्हा कुठे सासूबाईंनी अंगठा काढला.

नवरा खोकत उठून बसला. बाळ थांबेना, तसे त्याने दोन्ही हात कानांवर नेले.

“झाकू नकोस,” सासूबाई म्हणाल्या. “तिला शेवटी रडताही येत नव्हतं.”

त्याने हात खाली घेतले.