सहावा आवाज

मी एक वाकळ आहे. वडगावच्या विणकर गल्लीत गुणाबाईनं जुन्या लुगड्यांचे सात थर टाचून मला शिवलं. पांघरायला शिवलं म्हणा, पण पांघरलं कुणी? तिच्या लेकीनं, सौम्यानं, मला चार खिळ्यांवर पडद्यासारखं टांगलं आणि माझ्याआड एक माइक ठेवला. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून. थंडीत घरची माणसं कुडकुडायची आणि मी आपली भिंतीला. राग आलाच होता मला, खोटं कशाला बोलू?

मग तिचं गाणं ऐकलं आणि गप्प बसले.

काय नाही गायली ती? चिकोडीच्या भजनी मंडळाला चाली बांधून दिल्या, जत्रेत कानडी गाणी म्हटली, रिक्षावर फिरणारी साडीच्या सेलची जाहिरातसुद्धा केली. पण तिचा जीव वाद्यांशिवाय गाण्यात. एकच गाणं सहा वेळा गायची, खालच्या पुरुषी आवाजापासून अगदी वरच्या बारीक आवाजापर्यंत. धाकटा भाऊ नागराज ते सगळे आवाज लॅपटॉपवर एकावर एक बसवायचा. ऐकणाऱ्याला सहाजण गातायत असंच वाटायचं.

गल्लीत दिवसभर विजेवरचे माग चालतात. ती खटखट काही मला अडवता येत नाही. म्हणून आमचं काम करंट गेल्यावर, लॅपटॉपच्या बॅटरीवर. करंट गेला की अख्खी गल्ली करवादायची आणि ही मात्र हातातलं काम टाकून माझ्याआड पळत यायची.

यंदा तिचा वरचा आवाज चिरकायला लागला. ते आधी मला कळलं. कार्यक्रमात ती वरच्या ओळी हळूच टाळायची, घरात घसा बसलाय म्हणायची. शेवटी डॉक्टरांनी स्वरयंत्रावर गाठ सांगितली. ऑपरेशन सोमवारी. आवाज राहील, पण हाच राहील असं सांगता येत नाही, म्हणाले.

त्याच आठवड्यात एका सिनेमासाठी तिची अंगाई चालली होती. अर्धी मराठी, अर्धी कानडी. सिनेमात पहिल्यांदाच तिचं नाव येणार होतं. पाच आवाज झाले होते, वरचा तेवढा राहिला होता. आणि करंट काही जाईना. शनिवार गेला, रविवारची दुपार झाली. मग नागराज समोरच्या तम्मण्णा आप्पांकडे गेला.

"आप्पा, अर्धा तास माग बंद करताय काय?"

"उद्या ऑपरेशन हाय न्हवं तिचं? मग इचारतोस काय रं?"

आप्पांनी आपले माग थांबवले आणि स्वतः दारोदार फिरून गल्लीतले सगळे थांबवले.

सौम्या गायला लागली. तिसऱ्या ओळीला आवाज फाटला. पुन्हा गायली, पुन्हा फाटला. इतकी वर्षं तिचा आवाज असा फाटताना बाहेर कुणी ऐकलाच नव्हता. गल्ली गप्प झाल्यावर ते फाटलेपण माझ्यातून बाहेर गेलं, मला अडवता आलं नाही, आणि लाज वाटली. अर्धा तास कधीच उलटला होता, पण माग कुणी सुरू केला नाही.

"आक्का, जुन्या गाण्यातला तुकडा लावतो. कुणाला कळतंय?" नागराज म्हणाला.

"मला कळतंय की रं. हाय तसाच पाठव."

त्यानं पाठवला. तिनं मला खिळ्यांवरून काढलं आणि अंगावर घेऊन भिंतीकडे तोंड करून पडली.

ऑपरेशन होऊन पंधरा दिवस झाले. ती अजून बोलत नाही, पाटीवर लिहिते. सिनेमावाल्यांचं उत्तर आलंय, सहावा आवाज दुसऱ्या गायिकेकडून घेतो म्हणून. नागराजनं अजून तिला सांगितलेलं नाही.

उद्या सकाळी तिला बोलायची परवानगी आहे. पहिला शब्द माझ्याआड बोलायचा असं तिनं पाटीवर लिहिलंय, आणि आज मला पुन्हा टांगलंय. मला भीती वाटते. तम्मण्णा आप्पा, तुमचे उपकार मी विसरणार नाही. पण ती रडली तर ते रडणं गल्लीत जाण्यापासून मला अडवता येणार नाही हो. तेवढं एक ऐका, उद्या माग चालू ठेवा.