शंभर माणसांचा हात

लढाई संपल्यावर शेहेचाळीसच्या भादव्यात हंबीरराव जगदाळे पलटणीतून सुटून गावी आला. ताकारी स्टेशनावर उतरला आणि ट्रंक डोक्यावर घेऊन चालतच वेशीत शिरला. पारावरच्या म्हाताऱ्यांनी त्याला थांबवलं.

"किती जर्मन मारलंस रं?"

"एक बी न्हाई," हंबीरराव म्हणाला. "मी लांगरी हुतो. पोरांचा सैपाक करायचा."

पार खदखदून हसला. नाव हंबीरराव, आणि चार वर्षं हातात बटाटे सोलायची सुरी! त्या दिवसापासून कुणी त्याला लढाईची गोष्ट विचारली नाही, आणि त्यानंही ती आपणहून काढली नाही.

घराला कुलूप होतं. बायको, लीलाबाई, दोन वर्षांपूर्वीच तापानं गेली होती. तिच्या मरणाचं पत्र इटलीत पोचायला तीन महिने लागले होते. ते हातात पडलं तेव्हा दीडशे माणसांचं रात्रीचं जेवण करायचं होतं. सुभेदार म्हणाला, "बस जरा बाजूला." पण बाजूला बसून करायचं काय? हंबीररावानं दोन पोती बटाटे सोलले. त्या दिवशी कांदा मिळाला नव्हता, त्यामुळे डोळ्यांतल्या पाण्याचं कारणही कुणाला सांगता आलं नाही.

घर झाडून त्यानं चूल पेटवली आणि मग त्याची खरी पंचाईत सुरू झाली. शंभर-दीडशे माणसांना पीठ किती, तिखट किती, मीठ किती, हे त्याच्या हाताला तोंडपाठ होतं. एका माणसाचं गणित त्या हाताला येईना. भात केला तर भगुणं भरून व्हायचा. कमी करायला जावं तर मीठ जास्त पडायचं. उरलेलं अन्न टाकवत नव्हतं, म्हणून तो कुत्र्यांना घाली. आठ दिवसांत आळीतली सगळी कुत्री तिन्हीसांजेला त्याच्या दारात येऊन बसू लागली, आणि जाणारे-येणारे म्हणायचे, "लांगऱ्याची पलटण आली बघा." मग त्यानं स्वयंपाकच सोडला. एकदा चार भाकरी थापायच्या आणि दोन दिवस चटणीबरोबर खायच्या.

कृष्णेच्या काठाला त्याची अर्धा एकर मळईची जमीन होती. दिवाळी झाल्यावर तो साताऱ्याला गेला आणि बियाण्याच्या बटाट्यांची दोन पोती घेऊन आला. त्या गावात तोवर बटाटा कुणी लावला नव्हता. त्याच्या बांधाला बांध लागून धरणेंद्र पाटलाचं रान होतं आणि विहीर दोघांच्या सामाईकीत. धरणेंद्र जैन, वयानं थोडा मोठा, शांत माणूस. हंबीरराव बांधावर बसून बटाटे कापत होता, ते तो उभा राहून बघत राहिला.

"बी कापून कुठं लावत्यात व्हय रं?"

"ह्यो डोळा बघा." हंबीररावानं फोड पुढं केली. "परत्येक तुकड्यावर दोन तरी डोळं ऱ्हायला पायजेत. कापल्या अंगाला राख लावायची, म्हंजी कुजत न्हाई. तिकडं इटलीत एका म्हातारीच्या रानात बघितलं. तिची बोली मला येत नव्हती, माझी तिला. पण हातानं समदं दावलं तिनं."

"आमी काय ह्ये खात न्हाई बाबा," धरणेंद्र म्हणाला. "जमिनीतलं कंद उपटायचं म्हंजी त्याच्यासंगं लय जीव मरत्यात. पर तुझ्या पिकाला पाण्याची अडचण न्हाई. मोट माझी, बैलं माझी, तू निस्तं पाणी धर."

आणि तो बोलला तसा वागला. हंबीररावानं सऱ्या सोडून वीत-वीत अंतरावर फोडी लावल्या. पंधरवड्यात हिरवे कोंब वर आले. रोपं गुडघ्याला लागल्यावर त्यानं खुरप्यानं एकेका बुंध्याला मातीची भर दिली. उघडा पडलेला बटाटा उन्हानं हिरवा होतो आणि कडू लागतो, म्हणून रोज सकाळी सरीतून वाकून हिंडायचं, भेग दिसली की माती ओढायची. दिवसभर बोलायला कुणी नसे. कधी कधी त्याला आपलाच आवाज अनोळखी वाटायचा, इतका तो वापरात नव्हता.

पुष्कळदा धरणेंद्र विचारी, "सासुरवाडीला जाऊन आलास का?" हंबीरराव मान खाली घाली. लीलाबाईची आई, राहीबाई, नदीपलीकडं चिंचमळ्यात एकटीच राहत होती. लेकीचं सगळं दुखणं तिनंच काढलं होतं. जावई शेवटाला आला नाही, मातीला आला नाही. आता कोणतं तोंड घेऊन तिच्या दारात उभं राहायचं, या विचारानं त्याचे पाय नदीपाशी अडत.

माघात पाला पिवळा पडला. कुदळीच्या पहिल्या घावाबरोबर मुठीएवढे सात-आठ बटाटे मातीतून वर आले. चार दिवसांत ओसरी भरली. त्या ढिगाकडं बघून हंबीररावाला पलटण आठवली आणि त्याचे हात कितीतरी दिवसांनी स्वयंपाकासाठी शिवशिवले. शिवरात्र तोंडावर आली होती. सगळ्या गावाला उपास, आणि उपासाला बटाटा चालतो. त्यानं पुजाऱ्याला सांगून टाकलं, "औंदा शिवरात्रीचा फराळ माझ्याकडं."

शिवरात्रीला पहाटेच त्यानं घाटावरच्या महादेवाच्या आवारात तीन दगड मांडून देवळाची मोठी डेग चढवली. बटाटे उकडले, सोलले, फोडी केल्या. तुपात जिरं तडतडलं, हिरवी मिरची पडली, वरून शेंगदाण्याचं कूट. शेंगदाणे धरणेंद्रानं घरून पाठवले होते. हंबीररावाचा हात एकदाही अडखळला नाही. मीठ त्यानं न चाखता टाकलं. नैवेद्याआधी चाखता येत नव्हतं, पण त्याला चाखायची गरजही नव्हती.

गाव लोटलं. जे त्याला हसले होते, ते दोनदा द्रोण पुढं करत होते. "लांगऱ्या, झकास!" असं म्हणत होते. दुपार कलली तशी माणसं पांगली. जो तो आपल्या घरी गेला. राखेजवळ हंबीरराव आणि रिकामी डेग राहिली. पलटणीच्या लंगरातही हेच व्हायचं, त्याला आठवलं. फक्त तिथं रात्री झोपायला पोरं आजूबाजूला असायची.

तो डेग घासायला बसला तेव्हा घाटाच्या पायऱ्या चढून एक म्हातारी वर आली. काठी टेकत, दम खात. राहीबाई.

हंबीरराव उठला. राखेचे हात त्यानं धोतराला पुसले.

"धरणेंद्र पाटील परवा आमच्या वाडीला आलं हुतं," ती म्हणाली. "म्हणालं, तुमचा जावई समद्या गावाला जेवू घालतोय. म्हटलं, बघावं. मला उरलंय का कायतरी?"

त्यानं डेगेच्या तळाशी लागलेलं खरवडून द्रोणात घातलं. ती सावकाश जेवली.

"मामी, मला रजा मिळाली न्हाई," हंबीरराव कसाबसा म्हणाला. "पत्रच तीन म्हयन्यांनी..."

"मला ठावं हाय." राहीबाईनं द्रोण खाली ठेवला. "ती तापात बी दोन माणसांच्या भाकरी थापायची. मी म्हणायची, अगं, खाणार कोण? तर म्हणायची, हात तितकाच चालतोय, मी काय करू? दुसऱ्या दिवशी गाईला घालायची."

हंबीरराव डेगेच्या काठाला धरून खाली बसला आणि रडला. इटलीत रडायचं राहिलं होतं ते रडला. राहीबाई डोकीवरचा पदर नीट करत नदीकडं बघत राहिली.

"माझ्याकडं येऊन ऱ्हावा मामी," शेवटी तो म्हणाला.

"लेक न्हाई तिथं जावयाच्या घरी कशी ऱ्हाऊ? लोक काय म्हणतील? आन् माझी गाय हाय." ती उठली. "तुमी येत जावा. दर सोमवारी या, त्या दिशी माझा उपास नसतोय."

पुढच्या सोमवारी बटाट्यांची पिशवी घेऊन तो नावेत बसला. राहीबाईच्या चुलीवर त्यानं रस्सा केला तो चार दिवस पुरेल एवढा झाला. म्हातारीनं अर्धा शेजारी वाटला. दुसऱ्या सोमवारी मीठ जास्त झालं, तिसऱ्याला कमी. "आज गिळवतंय," ती म्हणायची, आणि तो पुढच्या वेळी चिमूट बदलायचा. चैत्र संपता संपता दोन माणसांचं माप त्याच्या हातात बसलं. बाकीचे सहा दिवस तो पूर्वीसारखाच शिळी भाकरी खाई. एकट्यासाठी चूल पेटवायला मन होत नसे.

आषाढात कृष्णा दोन्ही काठ भरून वाहू लागली आणि नाव बंद झाली. तीन सोमवार हंबीरराव घाटावर जाऊन परत आला. गढूळ पाण्यापलीकडं चिंचमळ्याची झाडंसुद्धा नीट दिसत नव्हती. म्हातारीच्या घरावर कौलं किती जुनी आहेत, हे त्याला ठाऊक होतं. विचारायचं कुणाला?

चौथ्या सोमवारी नाव सुटली. पहिल्याच खेपेला तो चढला. चिखल तुडवत वाडीत पोचला तेव्हा राहीबाई गोठ्यात गाईला वैरण टाकत होती. बारीक झाली होती, पण उभी होती.

"भिजलात," ती म्हणाली. "आदी अंग पुसा. लाकडं वली हायत, येळ लागंल चूल पेटायला."

"लागू द्या," हंबीरराव म्हणाला, आणि फुंकणी घेऊन चुलीपुढं बसला.