झटकलेले बूट

बारक्या साठीला टेकला होता, त्याचं पोट शर्टाच्या गुंड्यांशी रोज भांडत होतं, तरी ताईच्या तोंडी तो अजून बारक्याच होता. त्यानं तिला नवव्या मजल्यावरच्या आपल्या घरी कायमचं राहायला आणलं, त्याला महिनाही झाला नव्हता, आणि ताईचा जीव गुदमरायला लागला होता. भांडी यंत्र घासायचं, केर बाई काढायची. भावजय मायेची होती, हीच तर पंचाईत. "ताई, तुम्ही बसा हो," म्हणत ती हातातलं काम काढून घ्यायची. वडिलांमागे लाकडाची सारी वखार एकटीनं रेटलेल्या बाईनं बसून तरी किती बसायचं? शेवटी ताईनं गुपचूप पिशवी भरली. वखार बंद पडली असली, तरी मागच्या दोन खोल्या होत्या.

तिथली आठवण आली की ताईला ओल्या भुशाचा वास यायचा आणि डोळे भरायचे. वडील करवतीवर, आई चुलीपाशी, आणि फळ्यांच्या थप्प्यांखाली विंचू. फळी उचलायची ती नेहमी पलीकडची कड धरून, म्हणजे खाली जे कुणी असेल ते पलीकडे पळेल, हे तिथं पोरंसुद्धा बोलायला लागायच्या आधी शिकायची. वडिलांना काळा विंचू अधूनमधून चावायचाच. मग ते हात झटकत विंचवाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करवतीवर हजर. विंचू म्हणजे एका दिवसाची बोंबाबोंब, एवढंच घराला ठाऊक होतं.

एका दुपारी चिमुरड्या बारक्यानं ऐटीत चालायचं म्हणून वडिलांच्या बुटात पाय घातला आणि किंचाळला. बुटातून निघाला तो करंगळीएवढा तांबडा विंचू. वडील हसले. "अरे, एवढ्याशाला काय घाबरतोस? माझे काळे बघ, पंजाएवढे!" बारक्या खूप रडला आणि मग गप्प झाला. सगळ्यांना हायसं वाटलं.

ताईला नाही वाटलं. तिनं त्याचा हात धरला तर तो गार पडला होता. अंग घामानं निथळत होतं, ओठांतून लाळ गळत होती.

"बाबा, हा रडत का नाही?"

वडिलांचं हसू तिथंच विरलं. त्यांनी फळ्या वाहायची हातगाडी ओढली, ताई पोराला पोटाशी धरून वर बसली आणि त्यांनी गाडी दवाखान्यापर्यंत पळवत नेली. डॉक्टरांनी आधी उपचार केले, मग वडिलांना झापलं. "काळा थोराड विंचू बहुतेक वेळा नुसता छळतो. हा तांबडा थेट हृदयावर उठतो. आणि पोर जितकं लहान, तितका धोका मोठा. अजून थोडा उशीर झाला असता तर..."

बारक्या वाचला. पण तेव्हापासून रोज सकाळी ताई त्याचे शाळेचे बूट उलटे करायची, टाचेवर टाच आपटायची, आत हात घालून बघायची आणि म्हणायची, "घाल." नोकरीसाठी गाव सोडेपर्यंत त्यानं स्वतःचे बूट स्वतः झटकले नाहीत. पुढे तो मोठा साहेब झाला, पण ऑफिसात चपला, समारंभात चपला, स्वतःच्या लग्नातही चपलाच. ताई चिडायची, तर म्हणायचा, "पाय गरम होतात गं."

पिशवी भरली त्या दिवशी बारक्याच्या निवृत्तीचा समारंभ होता. ताईनं पिशवी त्याच्यापुढे आणून ठेवली.

"मला परत पोचव रे. इथं मी कुणाच्या उपयोगाची?"

तो आतून एक खोकं घेऊन आला आणि तिच्यासमोर खुर्चीत बसला. खोक्यात कोरे काळे बूट होते.

"झटकून दे."

"खुळा झालास की काय? कोरे तर आहेत. आणि नवव्या मजल्यावर कुठला विंचू चढतोय?"

"मला कळतं गं ते. पायांना कळत नाही."

ताई बघतच राहिली. "म्हणून एवढी वर्षं चपला? अरे, मग घालायचे की झटकून!"

"झटकायला तू कुठे होतीस?"

ताईनं बूट उलटे केले, टाचेवर टाच आपटली. आतून कागदाचा बोळा पडला आणि साहेबांनी घाबरून दोन्ही पाय वर घेतले. ताई डोळे पुसत खो खो हसली. मग दोन्ही बुटांत हात घालून तिनं नीट चाचपलं.

"घाल."

संध्याकाळी तो हारतुरे घेऊन परतला. दारातच बूट काढले. भावजय ते उचलायला वाकली, तशी ताई पुढे झाली.

"राहू दे गं. तू बस. ते माझं काम आहे."