मोहावरचा बल्ब

गाडी ग्रामसभेची. बांबू विकून गावानं ती जुनी जीप घेतली होती, आजाऱ्याला दवाखान्यात न्यायला. चालवता येत होती एकट्या पोचूला, म्हणून ती त्याच्याच अंगणात उभी असे. मोहाच्या दिवसांत बाजारालाही कोणी जात नाही. सारं गाव झाडाखाली फुलं वेचत असतं. गाडी किती दिवसांत जागची हलली नव्हती, याची कोणाला आठवणही नव्हती.

आणि भरदुपारी सुकलूच्या बायकोला, बुधरीला कळा सुटल्या, रक्त जायला लागलं. तिला मागच्या सीटवर निजवलं. पोचूनं चावी फिरवली. गाडी नुसतं टिक करून गप्प.

"काऊन गा पोचूभाऊ, का झालं?" सुकलू ओरडला.

"बॅटरी उतरली असन."

उतरली असन! जसं काही त्याला माहीतच नव्हतं. गावातली लाईन गेल्यापासून रोज रात्री त्या बॅटरीवर त्याच्या अंगणातला बल्ब जळत होता. वाळत घातलेल्या मोहाला डुकरांनी तोंड लावू नये म्हणून. गाडी गावाची, मोह त्याचा.

त्यानं बॉनेट उघडलं, लोकांकडे पाठ केली, बॅटरीला जोडलेली बल्बची वायर उपटली आणि खिशात कोंबली. चोर साला.

"ढकला!"

बुधरीची सासू सोमारीसुद्धा पदर खोचून गाडीला भिडली. दर हिसक्याला आत बुधरी किंचाळे. नाल्याच्या उतारावर गाडीनं एकदाचा धूर सोडला.

दवाखान्यापुढं पोचूनं इंजिन बंद केलं नाही. बंद करायची छातीच नव्हती. सोमारी बाहेर आली, खिडकीतून तिनं त्याचा हात धरला.

"तू होता म्हनून, बापा. नाई तं खाटेवर आना लागली असती."

मान हलवली असती तर भागलं असतं. त्यानं खिशातून वायर काढली.

"बाई, बॅटरी म्याच मारली. मोहावर बल्ब लावून राह्यलो होतो."

सोमारी वायरीकडे पाहत राहिली. तिचाही मोह अंगणातच वाळत होता. रोज रात्री अंधारात.

तेवढ्यात सुकलू आतून धावत आला. "गडचिरोलीले न्या म्हन्ते! इथी रक्त नाई!"

सोमारीनं पोचूचा हात सोडला.

"गाडी बंद करू नोको," ती म्हणाली. "तुयासंग मंग बोलीन."

पोचूनं पाय ॲक्सिलेटरवर दाबून धरला. तिच्याकडे पाहायची हिंमत झाली नाही.