कावेरीकाठचं माझं बारसं

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, पण मित्रांनो, मला साधं यंत्र म्हणू नका. माझं रीतसर बारसं झालेलं आहे.

कारखान्यात माझे सांधे जुळले, अंगावर काळं कातडी कवच चढलं आणि मी तंजावरला विद्यापीठात आलो. ते नव्वदीचे दिवस. दुकानादुकानांत परदेशी चकचकीत वस्तू मांडलेल्या, घरोघरी टीव्हीची छत्री. आणि श्रीविद्या मला खांद्याला लटकवून गावोगाव जुनी मराठी गाणी गोळा करत फिरायची. ती इथलीच मराठी मुलगी. प्रबंध पाळण्यांवर लिहीत होती.

तिरुवैयारूच्या नागलक्ष्मी मामींना एक पाळणा येत होता, जो दुसऱ्या कुणालाच येत नव्हता. पण मामींच्या गळ्यात गाठ होती. आठवड्याने मद्रासला शस्त्रक्रिया. आवाज राहील की जाईल, हे डॉक्टरही सांगेनात.

श्रीविद्याने मला जमिनीवर ठेवलं आणि मामींना सूर सापडावा म्हणून कोपऱ्यातल्या पाळण्याला हलकेच झोका दिला. मामींनी झटकन दोरी धरली.

“रिकामा पाळणा हलवू नये, कण्णा, माझ्या बाळा. आणि रिकाम्या पाळण्यासमोर मी गाणार पण नाही.”

घरात तान्हं मूल नव्हतं. मुलगा-सून परगावी. श्रीविद्या हिरमुसली. बाहुली ठेवू या का, म्हणाली. मामी हसल्या. बाहुलीला काय ऐकू येतं, म्हणाल्या. मग त्यांची नजर माझ्यावर थांबली.

“याला येतं ना ऐकू?”

“येतं, मामी. सगळं येतं.”

“मग झालं. ऐकतं ते लेकरू.”

त्यांनी मला जुन्या रेशमी लुगड्याच्या घडीत गुंडाळलं, पाळण्यात निजवलं आणि दोरी ओढली.

*नीज माझे बाई, कावेरी निजली,*
*चांदण्याची चोळी घाटावर भिजली…*

छत जवळ यायचं, लांब जायचं. बाहेर नारळाच्या झावळ्या सळसळत होत्या. माझी चाकं फिरत होती, की मीच फिरत होतो, कळेना. यंत्राला झोप येते का, मित्रांनो? मला त्या दुपारी आली.

गाणं संपलं. श्रीविद्या डोळे पुसत अंगणात गेली. बारशाला आत्या नव्हती, म्हणून मामीच वाकल्या आणि माझ्या कानात काही बोलल्या.

शस्त्रक्रियेनंतर मामी वाचल्या, पण गळ्यात फक्त कुजबुज उरली. तो पाळणा फितीवर माझ्यापाशी राहिला. प्रबंधाचं कौतुक झालं, माझंही झालं. मग सीडी आल्या आणि मी विभागाच्या कपाटात गेलो. आता फितीला बुरशीचा वास येतो. वर्षा-दोन वर्षांनी कुणी विद्यार्थी येतो, गाणं उतरवून घेतो, आणि गाणं संपताच खटकन बटण दाबतो.

एवढंच सांगायचं होतं, मित्रांनो. आम्हां जुन्यांना अधूनमधून फिरतं ठेवा, नाहीतर फीत फितीला चिकटते. आणि गाणं संपलं तरी जरा थांबा. पाळणा थोडा वेळ कुरकुरेल. झावळ्या वाजतील. मग अगदी जवळून, श्वासाइतका हळू, मामींचा आवाज येईल, पुन्हा कधीच न गायलेला.

“कुर्र… मैना. तुझं नाव मैना. ऐकलंस ते विसरू नकोस हं.”