पडलेल्या सिनेमाची डीव्हीडी

मी एक जुनी डीव्हीडी आहे, मित्रांनो, आणि माझा राग अजून गेलेला नाही. हे आधीच सांगून टाकते.

जपानी चित्रकथांना मांगा म्हणतात. तसल्याच एका चित्रकथेवरून आमच्या कोल्हापूरच्या हंबीररावांनी सिनेमा काढला. पन्हाळ्यावर जपानी किल्ला उभा केला. नायक म्हणून भाचा सम्राट घेतला आणि त्याच्याशी लढणारी योद्धी म्हणून क्रांती. क्रांती मूळची गारगोटीची, केरबा वस्तादांच्या आखाड्यात मर्दानी खेळ शिकलेली आणि आता तिथंच लहान मुलींना शिकवणारी.

सिनेमा पडला. मूळ चित्रकथेवर जीव टाकणारी कॉलेजची मुलं हसत बाहेर आली. सगळ्यात जास्त हसली ती शेवटच्या लढाईला. सम्राटने तलवार हवेत फिरवली आणि लांब उभी असलेली क्रांती धाडकन आडवी झाली. तेवढाच तुकडा मोबाइलवरून गावभर गेला. वर सम्राटने मुलाखत दिली, "त्या पोरीला साधं पडायला येत न्हाय. तिनंच सिनेमा घालवला."

मग क्रांती बाजारात दिसली की टवाळ पोरं तिच्यापुढं मुद्दाम लोळण घ्यायची. आयांनी आखाड्यातून आपल्या मुली काढून घेतल्या. क्रांती हे विसरली नाही.

पुढं घरोघरी सिनेमा विकायचा म्हणून हंबीररावांनी मला काढायचं ठरवलं. क्रांतीला बोलावून म्हणाले, "प्रकाशनाला ये आणि लोकांची माफी माग. त्या निमित्तानं चार माणसं तरी डीव्हीडी घेत्याल."

"मागतो की," क्रांती म्हणाली. "पर शेवटची लढाई न कापता तीत घाला."

चित्रीकरणाच्या दिवशी हंबीरराव पन्हाळ्यावर नव्हते. त्यांनी बिनघोर मान डोलावली.

प्रकाशनाला हॉल भरला होता, बहुतेक हसायला आलेले. क्रांती उभी राहिली. "माफी मागतो. पर आधी लोकांस्नी लढाई बघू द्या."

मला यंत्रात घातलं. मित्रांनो, त्या दिवशी मी जिवाच्या कराराने फिरले. पडद्यावर क्रांतीने पहिलाच वार केला आणि सम्राटची तलवार उडाली. दुसऱ्या वाराला तो कॅमेऱ्यामागं पळाला. मग दिग्दर्शकाचा आवाज आला, "क्रांती, लांब हो. सम्राट नुसती तलवार फिरवंल, तू पड."

"लागल्याबिगर कशी पडू?"

"पड म्हटलं की पडायचं."

हॉल जो हसला, तो थांबेना. या वेळी क्रांतीला कुणी हसत नव्हतं. सम्राट मला बंद करायला धावला, तर यंत्रापुढं केरबा वस्ताद उभे. "अजून संपली न्हाय," ते एवढंच म्हणाले. सम्राट मागच्या दाराने गेला. त्याची पाठ बघून मला जे सुख झालं, ते लपवत नाही.

क्रांती परत माइकजवळ आली. "सांगितलं म्हणून मी पडलो. त्याची माफी मागतो. इथनं फुडं पडणार न्हाय."

दुसऱ्या दिवशी हंबीररावांनी माझ्या सगळ्या बहिणी गोळा करून जाळल्या. मी वाचले, कारण मला क्रांतीने यंत्रातून काढून घरी नेलं होतं. मुली आखाड्यात परत आल्या. पुढं डीव्हीडी लावणारी यंत्रंच घरांतून गेली आणि मी कपाटात पडून राहिले. माझ्यावर धूळ बसली.

परवा सम्राट दारात आला. तो आता नगरसेवक व्हायला उभा आहे. "ताई, ती डीव्हीडी तेवढी द्या. झालं गेलं सोडून देऊ."

क्रांतीने मला बाहेर काढलं, ओढणीने पुसलं आणि त्याला लांबूनच दाखवलं. "देतो की. मुलाखतीत जे बोललासा, ते तसंच चारचौघांत माघारी घ्या."

"बघतो," म्हणत तो गेला. अजून आलेला नाही. क्रांतीने शेजाऱ्यांकडून जुनं यंत्र मागून आणलं आहे.

तेव्हा मित्रांनो, घरात माझ्यासारखी कुणी असेल तर तिला कडेने धरा. बोटांचे डाग, ऊन, ओरखडा लागू देऊ नका. मला तर आता फार जपा. मतदान जवळ आलं आहे.